नावाचं कडवं

नळावर कपडे धुणाऱ्या माणसानं ओळ उचलली आणि म्हाळू ओव्हाळच्या हातातला चहाचा पेला ओठांपर्यंत जायचा राहिला. तसं पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. दुपारचे साडेतीन. कारेगावच्या विहाराच्या पडवीत गायन पार्टी सरावाला बसलेली. जयंतीला तीन आठवडे होते. पेटीवाल्यानं सूर धरला होता आणि जाईबाई, म्हाळूच्या थोरल्या चुलतभावाची बायको, वय पासष्टच्या पुढंमागं, पदर खोचून, डोळे मिटून गात होती: 'तळं खणून गेला गडी, भरलं तवा नव्हता.' विहाराच्या भिंतीला लागून जाईबाईच्या मुलानं, सम्राटनं, पत्र्याच्या सहा खोल्या काढल्या होत्या. रांजणगावच्या कंपन्यांत जाणारी माणसं तिथं भाड्यानं राहत. त्यातलाच एक, सुबल मंडल त्याचं नाव, पहिली पाळी करून आलेला, कंपनीचा निळा शर्ट दगडावर आपटता आपटता, मान वर न करता, जाईबाईच्या ओळीशेजारी स्वतःची ओळ ठेवून मोकळा झाला. 'पुकुर जे काटलो, से आर एलो ना.' चाल निराळी, भाषा निराळी. पण तळं तेच, ऊन तेच, आणि खणून निघून गेलेला माणूसही तोच. जाईबाईनं डोळे उघडले नाहीत. ढोलकीवाला तेवढा म्हणाला, 'आयला, भय्या बी लागला आपलं गानं म्हनाया,' आणि सगळे हसले. म्हाळूही हसला. (१५.३०. गाडी उभी. कारण:) कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते मात्र त्याला सुचेना.

हा रकाना त्याच्या डोक्यात बत्तीस वर्षं होता. म्हाळू अजूनही दौंडला मालगाडीवर गार्ड होता, सरावासाठी रजा टाकून गावी आलेला. गाडी कुठं थांबली, किती वाजता थांबली, का थांबली हे गार्डानं वहीत लिहायचं असतं. सिग्नल मिळाला नाही. रुळावर म्हैस. इंजिनात बिघाड. कारण नसताना गाडी थांबत नाही, आणि थांबली तर कुणीतरी विचारतंच. ही सवय हळूहळू त्याच्या घरात, जेवणात, झोपेत शिरली. बायको होती तेव्हा ती बोलता बोलता गप्प झाली की त्याला वाटायचं, वेळ लिहून ठेवावी. ती गेली ती वेळ त्यानं खरंच लिहिली होती, कारणासकट, डॉक्टरांनी सांगितलं तसं. एरवी या सवयीचा त्याला त्रास नव्हता. एका गोष्टीचं कारण मात्र त्यानं कधी लिहिलं नव्हतं. आज ते नळावर शर्ट धूत बसलं होतं.

सराव संपल्यावर सुबल ओले हात पुसत आला. त्याला आनंद झाला होता, आणि तो लपवायचं त्याला कारण नव्हतं. 'चाचा, ये तो हमारे स्कूल की किताब में था. हिरण्मय चाकलादार. आपके यहाँ भी पढ़ाते हैं क्या?' म्हाळूनं आजूबाजूला पाहिलं. जाईबाई पेटीवर कापड घालत होती. तो बंगालीत म्हणाला, हळू बोल. सुबलचं तोंड उघडंच राहिलं. कारेगावात, विहाराच्या पडवीत, पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा त्याच्याशी त्याच्या आईच्या भाषेत बोलला होता. त्यानंतर तो जो सुटला तो सुटलाच. कुठं शिकलात, कधी शिकलात, आमच्या नदिया जिल्ह्यात कधी गेलात, दौंडला नियोगीबाबू आहेत, त्यांना ठाऊक आहे का. आणि म्हाळू एवढाच विचार करत होता, की याला हळू बोल म्हणताना आपण बंगाली का वापरली. मराठीत म्हटलं असतं तर त्याला कळलं नसतं. हिंदीत म्हटलं असतं तर इथल्या सगळ्यांना कळलं असतं.

शिकला होता सोलापूरच्या रनिंग रूममध्ये. गाडी पोचवल्यावर गार्ड-ड्रायव्हरांनी तिथं आराम करायचा आणि दुसरी गाडी घेऊन परतायचं. नवीन नवीन नोकरी, साल एकोणीसशे सत्तर. तिथला स्वयंपाकी माणसाचं आडनाव विचारून घ्यायचा आणि मगच ताट कुठं ठेवायचं ते ठरवायचा. ओव्हाळ म्हटल्यावर त्यानं ताट दाराशी ठेवलं. तेव्हा नीलमणी बिस्वास नावाचा एक काळा, उंच, पान खाणारा गार्ड स्वतःचं ताट उचलून दाराशी येऊन बसला आणि जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. फाळणीत खुलन्याकडून आलेला होता. त्याच्याही लोकांना तिकडं हेच होतं, हे म्हाळूला फार नंतर कळलं. दुपारी सगळे झोपले की बिस्वासदा वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक काढून मोठ्यानं वाचायचा. म्हाळूला अर्थ कळत नव्हता. नुसता आवाज ऐकू यायचा, कुणीतरी पाण्यात हळू पाय टाकत चालल्यासारखा. आणि हा आवाज आपल्याला कळत नाही याचा त्याला राग यायचा. त्या रागापायी तो अक्षरं शिकला. रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर बिस्वासदा अक्षरं गिरवून द्यायचा. दोन वर्षांत म्हाळू ते पुस्तक एकटा वाचायला लागला. हिरण्मय चाकलादार, जिल्हा बोर्डात ओव्हरसियर. सायकलवरून हिंडून खणलेल्या मातीचं माप घ्यायचं, हे त्याचं काम. ज्यांच्या मातीचं माप घेतलं त्यांच्यावर त्यानं कविता केल्या. मग केव्हातरी सगळ्या बंगालनं त्याला डोक्यावर घेतलं. पण सायकल त्यानं सोडली नाही. बिस्वासदा हे सांगायचा तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल सांगितल्यासारखं सांगायचा. बदली झाली तेव्हा पुस्तक म्हाळूच्या ट्रंकेवर ठेवून गेला. निरोपबिरोप नाही.

बाहत्तरचा दुष्काळ. म्हाळू रजेवर गावी आलेला. गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलेलं, आख्खं गाव तिथं. त्याचा थोरला चुलतभाऊ आनंदराव, जाईबाईचा नवरा आणि गायन पार्टीचा म्होरक्या, दिवसभर टिकाव मारायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली बसून सुकडी खाता खाता चाली बांधायचा. म्हाळूनं खिशातून वही काढली आणि म्हणाला, दादा, हे ऐक. पुकुर म्हणजे पाण्याचं छोटं तळं, बंगालात घरोघरी असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं सरळ तळं लिहिलं होतं. दुसरा शब्द त्याला सुचलाच नव्हता. आनंदरावनं पहिलं कडवं ऐकलं आणि सुकडीचा हात पुसून उठून उभा राहिला. 'म्हाळ्या! महाडचं तळं! आरं, किती जणांनी किती गानी लिवली त्या तळ्यावर, पर असं कुनी न्हाई लिवलं.' म्हाळू म्हणाला, महाडचं नाही दादा, हे एका बंगाली कवीचं आहे. 'आसंल की. तळं कुनाचं बी आसंना, पानी आपलंच.' तिथल्या तिथं चाल लागली. गावाला आणखी काही सांगावं लागलं नाही. तळं म्हटल्यावर आमच्या लोकांना दुसरं तळं माहीतच नाही.

मग आलं नावाचं कडवं. गायन पार्टीच्या गाण्याला शेवटच्या कडव्यात कवीचं नाव लागतं. गाणं संपलं हे त्यावरून कळतं, टाळ्या त्याच्यावर पडतात, आणि जलशात दुसऱ्या पार्टीनं गाणं चोरू नये म्हणून ते कुलपासारखं असतं. बिननावाचं गाणं आनंदराव गायचा नाही. तो म्हणायचा, बिननावाचं गानं म्हंजी बेवारशी मढं. त्यानं विचारलं, नाव काय त्या बाबाचं? म्हाळूनं सांगितलं. आनंदरावनं चार वेळा चालीत घालून पाहिलं. हिरण्मय ढोलकीच्या एका बाजूला पडला, चाकलादार दुसऱ्या बाजूला. 'न्हाई बसत,' तो म्हणाला, आणि पाणी प्यायला म्हणून गेला तो कडवं घेऊनच परत आला:

ओंजळ भरून घ्या रे बाबांनो, हात आखडू नका;
म्हाळू सांगे, खणणाऱ्याला कधी विसरू नका.

म्हाळूनं नको म्हटलं होतं. एकदा. मोठ्यानं म्हटलं होतं का, हे त्याला आता आठवत नाही. त्या जयंतीला हे कडवं झालं तेव्हा शेदीडशे माणसांनी मागं वळून त्याच्याकडं पाहिलं. तो रेल्वेत नोकरीला लागला तेव्हाही कुणी असं पाहिलं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. पुढं तीच रीत पडली. दरवर्षी ते कडवं आलं की म्हाळू उठतो, हात जोडतो, खाली बसतो. एकोणतीस वेळा. आनंदराव गेला, गाणं जाईबाईनं उचललं. आसपासच्या गावांत, शिरूरला, एकदा थेट पुण्याला गाणं गेलं. 'तळंवाले ओव्हाळ' म्हटलं की लोक खुर्ची पुढं करायचे. दुसरं काही लिहिलंय का असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, नोकरीत वेळ कुठं मिळतो. (थांबा: एकोणतीस वर्षं. कारण: नोकरी.) हे त्यातल्या त्यात खपणारं कारण होतं.

सुबल गप्प बसला नाही. बसायचं त्याला कारणही नव्हतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत नियोगीबाबू राहत, हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, दुर्गापूजेपासून बंगाली मुलांच्या चित्रकलेपर्यंत सगळ्याचे सेक्रेटरी. एप्रिल संपता संपता ते म्हाळूच्या क्वार्टरवर आले, चप्पल दारातच काढून. 'म्हाळूदा, तुम्ही एवढी वर्षं आमच्या शेजारी राहता आणि आम्हाला पत्ता नाही! हिरण्मयचं शताब्दी वर्ष आहे. कलकत्त्यात सभा होताहेत, दिल्लीत होताहेत. पण शेतकरी-कामगार ज्याची कविता आपली म्हणून गातात असं गाव कुठं आहे? इथं आहे!' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना वाटत होतं की कारेगावात सगळ्यांना हिरण्मय ठाऊक आहे. गायन पार्टीला घेऊन या, तुम्ही दोन शब्द बोला, बंगालीत बोला, आमच्या पोरांना लाज वाटू दे. म्हाळूनं चहा टाकला. साखर दोनदा घातली. नाही म्हणायला कारण लागतं. त्यानं हो म्हटलं.

पत्रिका बंगालीत छापलेली होती. ती खिशात घालून तो दौंडहून कारेगावला निघाला आणि शिरूरला गाडी बदलायची म्हणून मुलीकडं, रश्मीकडं, थांबला. ती तिथल्या शाळेत शिक्षिका. वडिलांवर तिनं शाळेच्या अंकात एक लेखही लिहिला होता, 'माझे बाबा, गार्ड आणि कवी'. पत्रिका तिनं हातात घेऊन उलटीसुलटी केली. 'बाबा, वाचा ना. काय लिहिलंय?' तो वाचायला लागला. कविवर हिरण्मय चाकलादार जन्मशताब्दी. स्थळ, वेळ. प्रतिमापूजन. आणि मग ती ओळ आली: कवीच्या 'पुकुरकाटा' या कवितेचे मराठी रूप, सादरकर्ते कारेगाव गायन पार्टी, अनुवाद म्हाळू ओव्हाळ. बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज आपलं काम करत होता. 'कारेगाव गायन पार्टीचं गायन. मग म्हाळू ओव्हाळ यांचं भाषण.' 'एवढंच? ओळ तर केवढी लांब आहे.' 'बंगालीत लांबतं,' तो म्हणाला. तिनं पत्रिका घडी घालून परत दिली. 'मला यायचं होतं, पण नगरला नणंदेचा साखरपुडा आहे. तुम्ही भाषणात तुमच्या गाण्याचं सांगाल ना? तुम्ही कधीच नीट सांगत नाही.' उन्हातून एस.टी. स्टँडकडं जाताना त्याला बरंच वाटत होतं. पुढं कारेगावच्या गाडीत बसल्यावर ते बरं वाटणं कुठं गेलं ते कळलं नाही.

मे महिन्यातला दुसरा रविवार. पार्टीची बाकीची माणसं वाद्यं घेऊन ट्रॅक्समधून पुढं गेली. जाईबाईला जीपमध्ये मळमळतं, म्हणून ती म्हाळूबरोबर एस.टी.नं आली. दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल. दारात रांगोळी, पण पांढरी, नुसती पांढरी. लाल काठाच्या साड्या, उदबत्तीचा धूर, रजनीगंधाचा वास, आणि भिंतीपाशी खुर्चीवर हिरण्मयचा फोटो, सायकलीला टेकून उभा, नाकावर उतरलेला चष्मा. एका बाईनं शंख फुंकला तशी जाईबाई दचकली. मग म्हणाली, 'फुप्फुसं चांगली हायेत बाईची.' फोटोपुढं तिनं फुलं वाहिली. 'कोन हो ह्ये, भावजी? मास्तर व्हते का?' 'ओव्हरसियर.' 'मंग बरुबर. मापं घेऊन घेऊन पाठ वाकलीया.' तिला पहिल्या रांगेत बसवलं, रसगुल्ला दिला. तो कसा खायचा हे तिनं शेजारच्या बाईला हातवारे करून विचारलं आणि दोघी हसल्या. मुलींनी हिरण्मयची गाणी म्हटली, डुलत, माना एकाच बाजूला कलत्या ठेवून. नियोगीबाबू पाऊण तास बोलले. तुरुंग, सायकल, क्षय, शेवटची चार वर्षं, छपन्नाव्या वर्षी मरण. अंत्ययात्रेला खणणारे लोक टिकाव घेऊन आले होते म्हणे. हे बिस्वासदानं म्हाळूला कधी सांगितलं नव्हतं.

मग म्हाळूचं नाव पुकारलं. माईकपर्यंत जायला बारा पावलं. चार ओळींचं गोड भाषण त्यानं पाठ करून आणलं होतं. ते तो बोलला नाही. तो बोलला ते खरं बोलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ताट दाराशी ठेवल्यापासून आनंदरावच्या नावाच्या कडव्यापर्यंत, काही न लपवता. ही कविता माझी नाही, माझ्या गावात ती माझी म्हणून चालते, दरवर्षी मी उठून हात जोडतो. बंगालीत हे बोलायला काहीच जड गेलं नाही. ती भाषा त्यानं एका माणसाशी बोलण्यासाठी शिकली होती आणि तो माणूस मेला होता. तिच्यात त्याची कुणी बायको नव्हती, मुलगी नव्हती, वहिनी नव्हती. शब्द तोंडातून हलके निघत होते, परक्या गावात माणूस कपड्यांची फिकीर करत नाही तसे. नियोगीबाबूंनी चष्मा काढून पुसला. नंतर टाळ्या झाल्या, खूप झाल्या, माणसं उठून उभी राहिली. पहिल्या रांगेत जाईबाईही उठून उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्याइतक्या जोरात हॉलमध्ये दुसरं कुणीच वाजवत नव्हतं. (१२.१०. गाडी उभी. कारण: गार्ड.)

जाईबाई गायला बसली. आवाज लागला. बंगाली माणसांना ढोलकी आवडली, मुलं ताल धरायला लागली. भाषा कळत नव्हती, पण कोणतं कडवं चाललंय हे त्यांना कळत असावं, कारण ओठ हलत होते. आणि मग शेवट आला. म्हाळू सांगे. पुढच्या रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली. मग दुसरी. मग सगळा हॉल हसला, मायेनं, आत्ताच ऐकलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना पाहिल्यावर हसावं तसा, आणि सगळ्या माना म्हाळूकडं वळल्या. तो उठत होता. सवयीनं. अर्धा उठलेला तो तसाच राहिला. जाईबाईचा सूर एक क्षण अडला. तिनं हॉलकडं पाहिलं, मग म्हाळूकडं पाहिलं, आणि कडवं पूर्ण केलं.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी जाईबाई, तिच्याशेजारी म्हाळू. मांडीवर रजनीगंधाचा गुच्छ, तिला दिलेला. चौफुल्याला गाडी थांबली, वडेवाला चढला, उतरला.

'भावजी, येक इचारू का?'

'विचारा.'

'माझ्या कडव्याला का हासली मानसं?'

'कौतुकानं हसली, वैनी.'

'त्ये कळलं. कौतुकाचं हसू मला कळत न्हाई व्हय? पर कशाचं कौतिक? गात व्हते मी आन् बघत व्हते तुमच्याकडं. तुमी त्या माईकवर काय बंगाली झाडली त्ये आमास्नी बी कळू द्या की.'

मराठीत ते फार थोडं होतं. 'ते गाणं माझं नाही,' तो म्हणाला.

'मंग कुनाचं?'

'तुम्ही ज्यांच्या फोटोला फुलं वाहिली त्यांचं. मी नुसतं मराठीत केलं. नाव माझं आनंदरावदादानं घातलं, आणि मी राहू दिलं.'

ती गुच्छातली एक दांडी सरळ करत होती. ती सरळ झाल्यावर तिनं दुसरी धरली. 'ह्यास्नी ठावं व्हतं?'

'होतं.'

'ह्यास्नी ठावं. तुमास्नी ठावं. त्या सुबल्याला ठावं. आज त्या समद्या बायास्नी तुमी उभं ऱ्हाऊन सांगितलंत. आन् तीस वरसं नरडं फोडनारी म्या तेवढी येडी. टाळ्या बी वाजवल्या म्या. लई भारी बोललं आमचं भावजी, म्हनून.'

'चुकलं माझं.'

'चुकलं, व्हय. बंगालीत चुकलं का मराठीत?'

उत्तर तिला नकोच होतं. पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून पाहिलं, तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो परत वळला. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी होतं तेवढं दिसलं आणि गेलं. म्हाळू वाट बघत होता. आता ही म्हणेल, गाणं बंद. किंवा, गावात सांगते. किंवा उठून दुसरीकडं जाऊन बसेल. तिन्हीची त्यानं तयारी केली. तिन्हीला कारण होतं. आणि रश्मीलाही आता सांगावं लागेल, मराठीत.

'त्येच्यात आजून काय हाय?' जाईबाईनं विचारलं.

'कशात?'

'त्या बाबाच्या गान्यात. आपुन म्हनतो तेवढंच हाय का?'

'नाही. त्याची सात कडवी आहेत. आपण चार घेतली.'

'ऱ्हायलेल्या तिनांत काय हाय?'

त्यानं आठवायला सुरुवात केली. एकात बगळा आहे. पहिलं पाणी आल्यावर तो येतो, त्याला खणणाऱ्याचं काही देणंघेणं नाही. एकात जमीनदार तळ्याच्या पायरीवर आपलं नाव कोरून घेतो. आणि तिसऱ्यात. तिथं तो थांबला. तीस वर्षांत त्याला नावाची लाज वाटली होती, टाळ्यांची वाटली होती, मुलीच्या लेखाची वाटली होती. हे कडवं त्याला एकदाही आठवलं नव्हतं.

'तिसऱ्यात काय?'

'त्याची बायको,' म्हाळू म्हणाला. 'तो खणतो आणि ती माती वाहते. डोक्यावर पाटी घेऊन वर येते, टाकते, परत खाली जाते. तळ्याचा काठ तिच्या पाट्यांचा झालेला आहे. लोक पाण्यात तोंडं बघतात, बसतात मात्र तिच्या मातीवर. असं आहे.'

जाईबाईनं दांड्या सोडल्या. 'ह्ये गाळलं?'

'दादा म्हणाला, लांबतंय, काहीतरी काढ.'

'कंचं काढायचं त्ये कुनी ठरवलं?'

'मी.'

'पाझर तलावावर ह्ये टिकाव मारायचे आन् पाट्या म्या व्हायची. सम्राट पोटात. सातवा म्हैना. तुमी बाभळीखाली वही घिऊन बसलावता आन् म्या तुमच्या म्होरनं पाटी घिऊन चढत व्हते. येकदा तुमीच म्हनलात, वैनी, जरा दमानं.'

'होय.' त्याला दिसलं. वहीवर पडलेली धूळ फुंकून टाकलेली दिसली. ती धूळ कुठून आली हे तेव्हा त्यानं पाहिलं नव्हतं.

न्हावऱ्याच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं, गाडी अंग हलवत चालली होती.

'तिचं तोंड दिसलं का पान्यात?'

'कुणाचं?'

'तिचं वो. त्येचं न्हाई दिसलं, ह्ये आपुन गान्यात म्हनतो. तिचं?'

त्यानं कडवं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, बिस्वासदाच्या आवाजात, पहिल्या ओळीपासून. 'त्याबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही.'

'का?'

'काय माहीत. ते वारले, वैनी. मी शाळेत होतो तेव्हाच.'

'मंग तुमी लिवा.'

म्हाळू हसला. तिच्या तोंडाकडं पाहिल्यावर ते हसू त्याला आवरावं लागलं. 'मला येत नाही,' तो म्हणाला. हे वाक्य तो मराठीत पहिल्यांदाच बोलत होता. 'खरंच येत नाही. मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही.'

'बंगाली तरी कुठं येत व्हती? शिकलाच की.' तिनं गुच्छ त्याच्या मांडीवर ठेवला आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून खिडकीकडं वळली. 'जयंतीला अकरा म्हैनं हायेत. आदी लिवा. नाव कुनाचं घालायचं त्ये म्या ठरवीन.'